कंटाळा आला की डोकं खाली

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, कॉलेजात पोरांना साहित्य शिकवतात आणि लिहायलाही शिकवतात. पहिलं काम पगाराचं, दुसरं हौसेचं. चालतात सावकाश, बोलतात त्याहून सावकाश, आणि शर्टाचं एक बटण नेहमी शेजारच्या काजात अडकवतात. ताई म्हणते, "ह्यांना बायको नको होती, आरसा हवा होता."

त्यांच्या वर्गाची एक रीत आहे. पोरांनी लिहिलेलं एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्याला जिथे कंटाळा येईल तिथे त्याने गुपचूप डोकं बाकावर टेकवायचं. पुन्हा गोडी वाटली की उचलायचं. टाळ्या नाहीत, टीका नाही. वाऱ्याने पीक आडवं व्हावं आणि वारा पडल्यावर उभं राहावं, तसा तो वर्ग हलत असतो. वाचणाऱ्याला आपलं लिखाण कुठे मेलं ते तिथल्या तिथे कळतं.

पण वर्ग होता हौशी, आणि खोली होती कॉलेजची. प्राचार्यांना तिथे झेरॉक्सचं यंत्र बसवायचं होतं. ते एकदा वर्ग बघायला येणार, पसंत पडला तर ठेवणार, नाहीतर बंद. मग भाऊजींची रवानगी परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. भाऊजींना साधी बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

त्या सकाळी मी गावाहून ताईकडे आलेलो होतो. चहा देताना ती म्हणाली, "अहो, आज तरी ते डोकी टेकवायचं खूळ बंद ठेवा. पोरांना नीट समजावून सांगा."

"सांगतो की," भाऊजी म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलंही. मी त्यांच्याबरोबर कॉलेजात गेलो होतो, मागच्या बाकावर बसून ऐकलं. "मुलांनो, आज प्राचार्य येतील. त्यांना परकं समजू नका. आपल्यातलेच एक समजा." झालं, एवढंच. समजावण्यात भाऊजींचा हात कोणी धरणार नाही.

प्राचार्य आले. घसा खाकरला. "विद्यार्थी मित्रहो, साहित्य म्हणजे समाजाचा आरसा!"

पहिल्या बाकावरच्या उंच मुलीने डोकं टेकवलं.

"आणि या आरशात..."

चष्मेवाल्याने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि त्याचंही डोकं खाली गेलं. "उज्ज्वल परंपरा" येईपर्यंत निम्मा वर्ग आडवा झाला. "उद्याचे शिल्पकार" आले तेव्हा सगळी डोकी खाली होती. भाऊजींचा चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा पडला.

"ही मुलं आजारी आहेत का?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर," भाऊजी कसेबसे म्हणाले. "तुम्हाला आपल्यातलं समजताहेत." आणि अडखळत त्यांनी ती रीत सांगून टाकली.

प्राचार्य लाल झाले. "मला कंटाळवाणा म्हणता? अरे, तुमच्या वयात मी कविता करत होतो!"

एकही डोकं हललं नाही.

"एका मुलीला दिली होती!"

उंच मुलगी उठून बसली.

प्राचार्यांनी ते पाहिलं. आवाज आपोआप खाली आला. "तिने ती दुसऱ्या दिवशी परत दिली. तांबड्या शाईने दुरुस्त करून."

सगळी डोकी वर.

"मग पुढे काय हो, सर?" चष्मेवाला चाचपडत चष्मा शोधत होता.

"मग काय, लग्न झालं."

"कोणाशी?"

"तिच्याशीच. अजून दुरुस्त्या चालू आहेत."

वर्ग असा हसला की बाहेरचा शिपाई डोकावला. प्राचार्य टेबलाच्या कडेवर टेकले आणि सांगतच सुटले. कविता कोणत्या झाडाखाली दिली, तिचा भाऊ सायकलवरून कसा आला. मध्ये एकदा "तरुण पिढीने" म्हणाले, तेव्हा दोन डोकी खाली गेली. प्राचार्य घाईघाईने म्हणाले, "राहिलं, राहिलं. तर सायकल..."

गोष्ट संपल्यावर पोरांनी वह्या उघडल्या आणि ऐकलेलं लिहून काढलं. प्राचार्य पाठीमागून डोकावत फिरू लागले.

"ए, ती रागावली नव्हती. हसत होती."

"तुम्ही म्हणालात, शाई तांबडी होती," उंच मुलगी म्हणाली.

"शाई तांबडी, माणूस नाही! आणि भाऊ एवढा धिप्पाड नव्हता. पण असू दे, तसाच ठेव."

"सर, तुम्हीच लिहा ना मग."

तिने एक कोरा कागद पुढे सरकवला. प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोटाची बटणं सोडली आणि चष्मेवाल्याला सरकवून बाकावर बसले. लिहिलं, खोडलं, पेनचं टोक चावलं, पुन्हा लिहिलं.

भाऊजी बराच वेळ हात जोडल्यासारखे उभे होते. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "सर, खोलीचं काय ठरलं?"

"थांबा हो!" मान वर न करता प्राचार्य म्हणाले. "इथे माणूस लिहितोय, दिसत नाही का?"