रातपाळीची बायको

घरातली सून दिवसा झोपली, तर तुमच्या घरी कुणाच्या कपाळाला आठी पडते? मळीचा आंबूस वास आला की मला दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं देवळालीतलं आमचं घर आठवतं. दादा साखर कारखान्यात रातपाळीला लागला होता, आणि नवरा जागा असताना बायकोनं अंग टाकायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून वहिनी रात्रभर भिंतीला टेकून बसायची आणि दिवसा उसात खुरपायची. एका दुपारी भाकरी टाकताना तिला डुलकी लागली आणि हात तापल्या तव्यावर पडला. आई तिच्या हातावर पाणी ओतत कडाडली, “तुझा सासरा रातचं पिकाला पाणी धरायचा, तवा आमी न्हाई जागलो? जा माहेरी, झोप पोटभर!” आवाजानं दादा उठून आला. “आये, मी जागतो त्याचा पगार मिळतो. ही कशापायी जागती?” त्यानं वहिनीला स्वतःच्या अंथरुणावर निजवलं आणि दार ओढून घेतलं. आईनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मग परातीपुढं बसून म्हणाली, “आमाला कुनी नीज म्हनलंच न्हाई.” आज मी स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो. तुमच्या घरी कुणी रातपाळीला असेल, तर पत्रक नंतर वाचा. आधी त्याच्या बायकोला झोपायला सांगा.