मोकळी सोडलेली जागा

नितीनचा हात सोंगटीसकट पटावर थांबला. खाली माझ्या रस्त्यातली शेवटची मोकळी जागा होती. तिथे त्याने सोंगटी ठेवली असती तर मी हरले असते. त्याने ती जागा नीट पाहिली आणि सोंगटी भलतीकडेच ठेवली.

घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. शनिवारी दुपारची जेवणं आटोपली की टेबल पुसून हा सोंगट्यांनी रस्ता जोडायचा खेळ मांडतो. चौघांच्या खेळात कुणी कुणाला सूट दिली तर गर्दीत खपून जाते. दोघांच्या खेळात ती सोय नसते. समोरच्याची प्रत्येक चाल आपल्यालाच उद्देशून असते. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसालाही नितीनने मला हरवलं होतं, वर माझं कुठे चुकलं तेही समजावलं होतं. त्याचा हा निर्दयपणा मला आवडतो. तो मला बरोबरीची मानतो, हे मला त्यातूनच कळत आलंय.

म्हणून आजची ही दया पाहून मी घाबरले.

माझ्या मानेतून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट नितीनच्या फोनवर यायचा होता. मघाशी फोन वाजला तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला होता. परत येऊन "ऑफिसचा होता" म्हणाला होता.

जिंकायला मला एकच सोंगटी ठेवायची होती. ती मी ठेवली नाही.

"रिपोर्ट आला ना?" मी विचारलं.



मी त्याची सोंगटी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"आधी नीट खेळ," मी म्हटलं. "मग सांग."