उलटी गुंडाळी

गालिचा सरळ केला तो इन्चार्ज बाईंनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण करोल बागेतल्या आमच्या गेस्ट हाउसचा मॅनेजर आजही पाहुण्यांना सांगतो की तो त्यानं करून घेतला. ऐकलं की माझं डोकं तडकतं.

बाई तिथल्या साफसफाईच्या प्रमुख. आईवडील सातारकडचे, जन्म दिल्लीचा. त्या गोड बोलल्याचं मला आठवत नाही. चादरीला सुरकुती दिसली की आधी चादरीवरच ओरडायच्या, "शरम नाही वाटत?" माझ्यावर तर रोजच. मी जालन्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. बायको-पोरं गावी, आणि नोकरी जाईल या धास्तीनं दिवसभर माझं 'हो साहेब' चालू. बाई म्हणायच्या, "आधी तुझी मान सरळ कर, यार. गादी नंतर."

जानेवारीत महाराष्ट्रातून मंडळी आमच्याकडे उतरून पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर डोकं टेकवायला येतात. येताना त्याच गावातून चादरी, गालिचे आणतात. बाई दर वर्षी त्यांच्या बसगाड्या भरून द्यायच्या, स्वतः कधी चढल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "रजा तू देणार का?" त्या वर्षी मॅनेजरनं मला हॉलसाठी गालिचा आणायला त्याच बसमधून पाठवलं. "टेंपो किसलिए? बस में आ जाएगा."

लोकरीचा, बारा फुटी गालिचा. मी त्याची गावाकडच्या सतरंजीसारखी चौपदरी घडी घातली आणि दिल्लीपर्यंत तिच्यावर बसून आलो. घडी किती चापून बसली म्हणून वर खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये उलगडला, तर मधोमध दोन कडक वरंबे, एकमेकांना छेदून गेलेले. चार वाजता तिथे साखरपुडा होता. मॅनेजर म्हणाला, "तीन बजे तक सीधा नहीं हुआ तो गाँव की गाडी पकड." मी इस्त्री घेऊन धावलो. बाईंनी मनगटावर फटका मारला.

"लोकर आहे ती, जळेल. आणि तुझ्या आईचं लुगडं आहे का हे, तह करायला, घडी घालायला? गालिचा रोल करतात, बेवकूफ."

बाहेर धुकं, उन्हाचा पत्ता नाही. बाई तरातरा खोल्यांतून फिरल्या आणि म्हाताऱ्या पाहुण्यांच्या गुडघ्यांवरच्या गरम पाण्याच्या पिशव्या उचलून घेऊन आल्या. "काका, गुडघे आता जेवणानंतर दुखवा. चलो." गालिचा पालथा घातला. मोडीवर ओलसर टॉवेल, त्यावर पिशव्या, त्यावर कपाटाची फळी. पाणी निवलं की मी जिन्यानं खाली, जिन्यानं वर. दोन तासांनी लोकर सैल पडली. मग पडद्याचा जाड पाईप घेऊन आम्ही उलटी गुंडाळी केली, केसाळ बाजू बाहेर ठेवून. आधी लांबीनं, मग रुंदीनं. दोरीनं आवळून बाई शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. मी भिंतीला टेकायला गेलो, तर म्हणाल्या, "उभा राहा. तू बसमध्ये भरपूर बसलास."

पावणेतीनला उलगडला. जमिनीला चिकटून सपाट. मॅनेजरनं बुटानं दाबून बघितलं. "बच गया तू."

तेव्हा बाई फिरल्या. पाहुणे दारात जमलेले. "और आप? पाईप दिया था इसको? टेंपो दिया था? तह इसने की, करवाई आपने."

मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "मैंने मना किया था टेंपो को?"

एवढंच बोलायचं होतं मला, की हो, तुम्हीच. मी गालिच्याकडे बघत राहिलो.

महिन्याभरात बाईंना "गुडघे थकलेत, आराम करा" असं सांगून काढलं. पाहुण्यांचे गुडघे सांभाळणाऱ्या बाईला. त्यांची पिशवी मी फाटकापर्यंत नेली. माफी मागायला लागलो, तर खेकसल्या, "रडू नको. तो पाईप उभा ठेव, आडवा टाकलास तर वाकेल."

मॅनेजरचा राग येतोच. त्याहून जास्त माझा येतो.

बाई आता फरिदाबादला लेकीकडे असतात. पाईप मी उभाच ठेवलाय. एका जानेवारीत मी रजा मागणार आहे, आणि तो नाही म्हणाला तर ते राहिलेलं वाक्य त्याच्या तोंडावर बोलणार आहे. बाईंना बसच्या खिडकीपाशी बसवून काला अंबला नेईन. येताना लेकीच्या घरासाठी गालिचा घेईन, टेंपो करून, पाईपवर गुंडाळून.