पाटावरचा फोन

फाइव्ह-जीचं कौतुक भावाला मीच सांगितलं, तेव्हा दोष द्यायला दुसरं कोणी नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उज्जैनला माधव नगरातल्या आमच्या घरात पूर्वी फोन यायचा तो अर्धाच. खिडकीत उभं राहा, जिन्यात जा, मग कुठे दोन शब्द ऐकू येणार. श्रावणात सवारीसाठी, म्हणजे महादेवाच्या पालखीसाठी, शहर भरलं की तेवढेही नाहीत. धाकटा भाऊ पुण्याला असतो. "हॅलो, हॅलो" करून वैतागायचा आणि म्हणायचा, जाऊ दे ताई, भाऊबीजेला येतोच आहे, तेव्हा बोलू. आणि यायचा. मी लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, आई-वडील गेले. माझ्याकडे मुक्कामाला येणारं माणूस वर्षात एकच, तो, चार दिवस. बाकीचं वर्ष मी त्या चार दिवसांवर काढते. लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

यंदा नवा फोन घेतला. दुकानवाला म्हणाला, आंटीजी, ऐसा लगेगा सामने बैठे हैं. आंटीजी ऐकून डोकं फिरलं, पण माणूस खोटं बोलला नव्हता. भावाच्या मिशीतले पांढरे केस दिसायला लागले. बोलता बोलता मी फोन घेऊन गच्चीवर गेले, खाली आले, कोपऱ्यावर भाजी घेतली, त्याला मेथीच्या जुड्या दाखवल्या, तरी फोन तुटला नाही. सवारीच्या गर्दीतसुद्धा त्याला पालखी दाखवली. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बघ, आता आमचं उज्जैन तुझ्या पुण्याच्या पुढे गेलं. तो खूश झाला. माझ्यापेक्षा जरा जास्तच खूश झाला, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्याने कळवलं, ऑफिसात छुट्टी मिळत नाही. आता तर समोर बसल्यासारखंच दिसतं, मग मोबाइललाच ओवाळ की. मी बरं म्हटलं. काय म्हणणार, कप्पाळ!

भाऊबीजेला दिवेलागणीला पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पाटावर तांब्याला टेकून फोन उभा केला. तिकडे तोही टोपी घालून पाटावर बसला होता. सुपारी-अंगठीने ओवाळलं, निरांजन ओवाळलं. राहिला टिळा. काचेला कोण कुंकू लावतं? पण टिळ्याशिवाय ओवाळणं माझ्या हाताला पटेना. त्याला म्हटलं, जरा पुढे ये. तो वाकला आणि मी ओलं कुंकू त्याच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, टेकवलं. फोन घसरला. तो धरायला गेले, त्यात बोटांनी कुठली कुठली बटणं दाबली गेली. मला तो दिसत होता, पण त्याला मी ना दिसत होते, ना ऐकू येत होते. तो ताई, ताई म्हणत राहिला. मी इकडून ओरडतेय, पण उपयोग शून्य.

तेवढ्यात तिकडच्या स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने त्याला विचारलं, पुढच्या वर्षी तरी जाणार आहात का? तो तिकडे वळून अगदी हळू बोलला. पूर्वीच्या फोनवर मला ओ की ठो कळलं नसतं. आता अक्षर न् अक्षर आलं.

"छुट्टी होती गं. मीच तिकीट काढलं नाही. निघताना ती फाटक धरून उभी राहते, ऑटो वळेपर्यंत. मग आठ-आठ दिवस तेच डोळ्यांसमोर येतं. नाही होत आता माझ्याच्याने."

आधी संताप आला. छुट्टी नाही म्हणे! लहानपणापासून खोटं बोलताना कान चोळायचा, आता फोनवर कान चोळायचीही गरज उरली नाही. मग ते फाटक आठवलं. मला वाटायचं, मी फाटकाशी उभी राहते ते त्याला आवडतं. इतकी वर्षं मी त्याला जाताना बघत होते आणि त्याच्यासाठी तीच शिक्षा होती.

पदराने काच पुसली आणि एकेक बटण दाबत गेले. कोपऱ्यात माझं तोंड परत दिसायला लागलं. तो हसून म्हणाला, आलीस का, लाइन गेली होती वाटतं, आणि पुढच्या वर्षी मी नक्की येतो. शहाण्या बाईने इथे हो म्हणून करंज्या खाल्ल्या असत्या.

"मी ऐकलं सगळं," मी म्हटलं. "फाटकापर्यंत नाही येणार मी. आत बसून राहीन, दारसुद्धा तूच ओढून घे. पण ये रे."

त्याने मान खाली घातली. मग हलला नाही. मला वाटलं चित्र अडकलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. मग दिसलं, त्याच्या मागे पंखा फिरत होता.