तपासणीच्या आदल्या दिवशी

त्या दुपारी देवी माझी हाक ऐकेल, असं मला खरंच वाटत नव्हतं. माझी सून सुजाता घरीच बाळंत झाली. गाडी बोलावेपर्यंत नातू हातात आला होता. आनंद करायला सवड मिळाली नाही, कारण तिचं रक्त थांबेना. लुगडी भिजत गेली, ओठ पांढरे पडले. मुलगा चिंचणीकडे कामाला गेलेला. बाळ शेजारणीच्या हाती दिलं आणि रस्त्यावर आडवी उभी राहून मी गवताचा एक टेम्पो थांबवला.

चालक अनोळखी होता. सुजाताला गवतावर निजवून मी त्याला हायवे गाठायला सांगितलं. मला तिला गुजरातच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. तलासरीच्या अलीकडचं आमचं सरकारी आरोग्य केंद्र माझ्या खिजगणतीतही नव्हतं. दर्जाची तपासणी व्हायची म्हणून तिथे भिंती रंगवणं, फरशा घासणं चाललेलं मी पाहिलं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं म्हणून मी हसलेही होते. वाटेत मी एकच घोकत होते, "महालक्ष्मी आई, हायवे मोकळा ठेव."

आणि त्या माणसाने टेम्पो नेमका त्याच केंद्राच्या फाटकात वळवला. मी कडाडले. तो म्हणाला, "बाय, राग मंग काढा. फुडं हायवे जाम हाय."

दार उघडंच होतं. आत डॉक्टरीणबाई आणि दोन सिस्टर हातमोजे घालून टेबलाभोवती उभ्या होत्या. सलाईन टांगलेलं, इंजेक्शन भरायला काढलेलं. कोणी धावपळ केली नाही. एकीने पोट चोळायला घेतलं, दुसरीने सुई लावली, तिसरी वेळ मोठ्याने सांगत होती. मी दाराशीच उभी होते. रक्त ओसरलं, मग थांबलं. अँब्युलन्सने तिला डहाणूला नेऊन रक्त चढवलं आणि माझी पोर वाचली. त्या गडबडीत टेम्पोवाला कधी निघून गेला, मला कळलंच नाही. नावही विचारायचं राहिलं.

पुढे लसीकरणाला गेले तेव्हा सिस्टरला विचारलं, आम्ही येणार हे तुम्हाला कोणी कळवलं होतं?

ती म्हणाली, "कोणी नाही, आजी. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून सराव चालला होता. बाळंतपणानंतर रक्त जाणारी बाई आली तर काय करायचं, त्याचा. टेबलावर बाहुली होती. तिला उचललं आणि तुमच्या सुनेला ठेवलं."

मी रस्ता मागत होते आणि आईने तो बंदच ठेवला. तिने कुठे किती आधीपासून तयारी करून ठेवलेली असते, ते आपल्याला दिसत नाही. आपण फक्त वाट सांगत बसतो. आता मी सांगत नाही, तिच्या पायांशी बसते.

सुजाता हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही महालक्ष्मीची ओटी भरायला गेलो. पायऱ्या चढताना तिने विचारलं, "आई, माझ्यासाठी काय नवस बोलला होतात?"

मी म्हटलं, "बोलायला वेळच कुठे दिला गं तिने!"