वाळ्याच्या पडद्यापाशी ठेवलेले कागद

अमरावतीत एका परदेशी संस्थेच्या कचेरीत मी नकला काढायचं सायक्लोस्टाइल मशीन चालवत असे. संस्था गावोगावच्या मुलांना दूध-पावडर वाटायची. एकदा मे महिन्यात अकोल्याच्या शाखेतून ट्रंक कॉल आला. तिथल्या मशीनमध्ये कागद अडकत होते आणि मुलांच्या याद्या छापल्याशिवाय दुधाची गाडी सुटणार नव्हती. कचेरीच्या प्रमुख मडमबाईंनी फोन माझ्याच हातात दिला. मी फोनवर कधी कुणाशी बोलले नव्हते. डोक्यावर पदर घेतला.

तिकडे हेडक्लार्क होते. "बाई, मशीन नागपूरले पाठवू काय?"

"भाऊ, कागद कुठी ठेवले?"

"वाळ्याच्या पडद्यापाशी. तिथं गार राह्यते."

त्या पडद्यावर दिवसभर पाणी मारतात. कागद ओलसर होऊन एकमेकांना चिकटत असणार.

"मंग ते उन्हात वाळवा."

"कागद होय का पापड, बाई?" तिकडे त्यांच्या मागे सगळे हसले.

मला फोन ठेवून द्यावासा वाटला, पण गाडी थांबली होती. "पापडच समजा," मी म्हणाले, "पण वाळवा."

तेवढ्यात ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली आणि फोन तुटला. गाडी निघाल्याचा फोन दुपारी आला. तो मडमबाईंनी घेतला.