तीर्थाची तिसरी पळी

देवीवर माझा विश्वास पहिल्यापासून होता, पण गेल्या वर्षी तो वाढला आणि अक्कल कमी झाली, हे आज कबूल करायला हवं. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीतून गिरगावातल्या ऑफिसला मी बारा वर्षं सायकलने जातोय. निघताना गल्लीतल्या देवीपुढे उभं राहायचं, मग पायडल मारायचं, हा नेम. हळूहळू पँट कमरेवरून घसरायला लागली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. ऑफिसात सगळे सायकलचं कौतुक करत आणि मी ते ऐकून घेत असे.

मग चक्कर सुरू झाली, तीही नेमकी देवीसमोर. हात जोडून डोळे मिटले की अंग झुलायचं. एकदा खांबाला धरून खाली बसलो, तेव्हा आत्या शेजारी होती. ती गहिवरून म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या आंगात वारां येय. आता तां तुझ्याकडे इलां.” गावाला आजोबांच्या अंगात देवीचं वारं यायचं आणि लोक त्यांना कौल विचारायचे. खोटं कशाला सांगू, मी सुखावलो. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला देवीने निवडलं होतं. बायको रोज डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागायची. मी म्हणायचो, हे डॉक्टरचं काम नाही. लालबागच्या सिग्नलला सायकलवर डोळ्यांपुढे अंधार आला आणि मागची बस हातभर अंतरावर थांबली, तरी मी घरी काही बोललो नाही.

एका मंगळवारी घशाला अशी कोरड पडली की तीर्थासाठी मी पुन्हा पुन्हा हात पुढे केला. तिसरी पळी पिऊन बाहेर पायरीवर टेकलो. त्या दिवशी नेहमीच्या फुलवालीच्या जागी तिची बहीण बसली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हार ओवता ओवता तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. ती मी संपवली.

“तीर्थ तीनदा कोन पितं रे दादा?”

“माझ्या अंगात वारं येतं,” मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

ती हसली नाही. “आमचे मालक पन असंच पानी पानी करायचे. असेच वाळले. शुगर होती, कळेस्तोवर उशीर झाला. तू आजच रक्त तपासून घे. देवी कुठं पळून जात नाय.”

बायकोचं न ऐकणाऱ्या मी तिचं का ऐकलं, कोण जाणे. सायकल हाताने ढकलत दवाखान्यात गेलो आणि रक्त तपासायला दिलं. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी घरी न पाठवता थेट दाखल करून घेतलं. अजून थोडे दिवस गेले असते तर शुद्ध हरपली असती, असं ते बायकोला सांगत होते. पलंगावर पडून मी ऐकत होतो आणि मला रडू आलं, भीतीने कमी, लाजेने जास्त.

बरा होऊन देवळात गेलो, तोवर ती बहीण गावी परतली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. आता इंजेक्शन घेतो, वजन भरतंय, सायकल पुन्हा सुरू आहे. देवीपुढे अंग झुलत नाही, आणि सुरुवातीला त्याची चुटपुट लागली हेही खरं. मी कौल द्यायला निघालो होतो. माझ्या वाट्याला ऐकायचं काम होतं. तेच आता हात जोडून करतो.

आत्या अजून विचारते, वारं परत आलं का रे. मी तिला सांगतो, आलं होतं गं, पण माझ्या नाही, बाहेर फुलं विकत बसलेल्या बाईच्या अंगात.